नारळ मुद्दामच पाडला

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक हमखास खून-दरोड्यांच्या गोष्टी विचारतात. मीही सांगतो, समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगतो. पण कोणी न विचारता जी आपोआप वर येते, भर लग्नात अक्षता टाकताना जिच्यामुळे मला एकट्यालाच हसू फुटतं, ती घटना एका नारळाची आहे. चिंचणीतल्या एका माडावरून नारळ खाली आला. तो पडला की पाडला, एवढ्याशा प्रश्नाने आमचं अख्खं पोलीस ठाणं वेठीला धरलं. नावं कोणाचीच घेणार नाही. संबंधित मंडळी अजून त्याच गावात राहतात आणि त्यांचे स्वभाव मला पक्के माहीत आहेत.

मी तेव्हा तारापूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्द विचित्र होती. एकीकडे अणुवीज केंद्र, दुसरीकडे बोईसरची औद्योगिक वसाहत आणि मधे चिकूच्या वाड्या, कोळीवाडे, माडांच्या रांगा. अशा हद्दीत कोणी नुसतं ‘कसला तरी वास येतोय’ म्हणालं तरी अर्ध्या ठाण्याचा चहा तसाच राहतो. त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि फोन वाजला. ठाणे अंमलदार म्हणून आमचे मासवणचे हवालदार बसले होते. गुणी माणूस, पण साध्या सायकलचोरीची बातमीही ते युद्धाची घोषणा करावी तशी देत.

“साहेब, चिंचणीत मोटारीवर आकाशातून वस्तू पडली. मोटारीचा चक्काचूर. मालक बालंबाल बचावले.”

अणुवीज केंद्राच्या शेजारी आकाशातून वस्तू पडणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. गाडीत बसेपर्यंत माझ्या मनात वरिष्ठांना काय कळवायचं त्याची वाक्यं तयार होत होती. पोचून बघतो तर वस्तू मागच्या सीटवर शांतपणे बसलेली. नारळ. चांगला मोठा, सोडणासकट.

गाडी नवी कोरी होती. पुढे झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि चाकासमोर पूजेत फोडलेल्या नारळाची दोन शकलं. मागची काच मात्र पार भुगा झाली होती. “पुढचा नारळ आपण दिला, मागचा देवाने परत केला,” असं हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, कारण मला हसायचं नव्हतं.

गाडीचे मालक बोईसरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. मूळचे सांगली बाजूचे, चिंचणीत भाड्याने राहणारे, निर्व्यसनी आणि नीटनेटके. दोष एकच. कारखान्याच्या फाटकावर ‘अपघात होत नाहीत, घडवले जातात’ अशी पाटी असते ना, ती वाचून बाकीचे आत जातात. या गृहस्थांनी ती घरी आणली होती.

“साहेब, हा अपघात नाही,” ते म्हणाले. “अपघात नावाचा प्रकारच जगात नसतो. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करा. मी नुकताच गाडीतून उतरून आत गेलो होतो.”

“गाडीचा विमा असेल ना?”

“विमा आहे. मला पैसे नकोत. मला हेतू पाहिजे.”

नोकरीत मी बऱ्याच फिर्यादींना बरंच काही मागताना ऐकलं होतं. हेतू मागणारा हा पहिलाच. आणि त्यांच्याकडे हेतू तयार होता. गल्लीला लागून असलेल्या वाडीत एक म्हातारा नारळ काढायला येई. सेफ्टीसाहेबांनी त्याला ‘पट्टा बांधा, हेल्मेट घाला’ असं खालून सांगून पाहिलं. तो वरूनच शिट्टी वाजवायचा. मग साहेबांनी त्याचा माडावर चढतानाचा व्हिडिओ काढला आणि ‘असुरक्षित कृतीचा नमुना’ असं वर लिहून गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. लोक पोट धरून हसले. म्हाताऱ्याच्या कानावर ते गेलं, आणि नाक्यावरच्या चहावाल्यासमोर तो मोठ्याने बोलला, “या पाटीवाल्याला एक दिवस वरनंच दाकवतो.” चहावाला परप्रांतीय, पण साक्षीला एकदम तयार. “हां साब, बोला था. ऊपर से दिखाऊंगा बोला था. मेरे सामने.”

म्हणजे पूर्ववैमनस्य होतं, धमकी होती, साक्षीदार होता, हत्यारही मागच्या सीटवर होतं. आरोपी फरार असेल म्हणून मी हवालदारांना वाडीत पाठवलं. आरोपी माडाच्या बुंध्याशी बसून तंबाखू मळत होता. कमरेला कोयता, पायाशी दोराचा फास, साठी ओलांडलेला काटक माणूस.

“बाबा, हा नारळ तुमच्या हातून चुकून पडला ना?” मी विचारलं. खरं सांगायचं तर मीच त्याला उत्तर सुचवत होतो. ‘हो साहेब, चुकून’ असं तो म्हणाला असता तर दोघांची समजूत काढून मी जेवणाच्या वेळेला ठाण्यात परतलो असतो.

म्हातारा ताडकन उठला. “चुकून? माज्या हातनं? आख्ख्या चिंचणीत विचारा. मुद्दाम पाडला. काय लिवायचं ते लिवा.”

सेफ्टीसाहेबांनी माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं.

इथे थोडं कायद्याचं सांगतो, कंटाळू नका. आमच्या प्रशिक्षणात एक निवृत्त सरकारी वकील शिकवायला येत. ते म्हणत, फार जुन्या काळी बैलाने शिंग मारलं तरी नुसतं नुकसान बघून शिक्षा ठरायची, मनात काय होतं हे कोणी विचारत नसे. मनातलं विचारायला माणूस फार उशिरा शिकला, आणि तेव्हापासून पोलिसांच्या डोक्याला ताप झाला. कारण कोयता जप्त करता येतो, नारळाला लेबल लावून मुद्देमाल म्हणून कपाटात ठेवता येतो, पण हेतूचा पंचनामा कसा करायचा? तो नेहमी कृतीवरून ओळखावा लागतो. आता जुना कायदा गेला, नवा आला, कलमांचे आकडे बदलले, माझ्यासारख्यांची पाठांतरं वाया गेली. हेतू मात्र जिथल्या तिथे आहे.

आणि बोलण्यातही बघा. पोराच्या हातून बशी फुटली की त्याचा पहिला बचाव ‘मी मुद्दाम नाही केलं.’ त्याला अजून अक्षरओळख नसते, पण हेतू नसेल तर शिक्षा कमी होते हे त्याला कळलेलं असतं. चाकू मारणारेही मला ‘धक्का लागला साहेब’ असंच सांगत आले. संपूर्ण नोकरीत ‘मुद्दाम केलं, तसंच लिहा’ असा हट्ट धरून बसलेला आरोपी मी एकच पाहिला.

त्याला ठाण्यात आणलं. माझ्या खोलीत शिरल्यावर त्याने मला सोडून फायलींच्या कपाटाला नमस्कार केला. मला वाटलं, माज आहे. वय बघून मी तो अपमान गिळला आणि त्याला बसायला सांगितलं. तो खुर्ची चाचपून बसला. सेफ्टीसाहेबही समोर होते. चौकशी सुरू झाली.

“कसा पाडला?”

“कसा म्हंजे? वारा दर्याकडनं होता. त्याचा अंदाज घेतला. घडातला भारी नारळ बगितला. देठ कापला, हातात तोलला आणि सोडला. बरोबर बॉनेटवर.”

हवालदार जबाब लिहिता लिहिता थांबले. मीही थांबलो.

“बाबा, बॉनेटला ओरखडासुद्धा नाही. मागची काच फुटली.”

म्हातारा डोकं खाजवू लागला. तेवढ्यात सेफ्टीसाहेब मदतीला धावले. “साहेब, त्यात काय? हेतू बॉनेटचाच होता. त्यांचा नेम चुकला असेल.”

“नेम चुकला?” म्हातारा उसळला. “कुणाचा? माजा? ओ सायेब, लिवा. मागच्या काचेवरच नेम धरला होता. बॉनेट मी असंच बोल्लो.”

“बघा!” सेफ्टीसाहेब म्हणाले. “कबूल करताहेत.”

अशी चौकशी मी जन्मात पाहिली नव्हती. फिर्यादी म्हणत होता मुद्दाम, आरोपी म्हणत होता मुद्दाम, दोघांत पूर्ण एकमत, आणि ‘अहो, जरा विचार करा’ म्हणत विरोधात बसलेला मी एकटा पोलीस. आमच्यापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे मी दोघांनाही समजावलं. सेफ्टीसाहेबांना कायद्यातली ही त्रुटी वाटली. म्हाताऱ्याला तो स्वतःचा अपमान वाटला. “म्हंजे माजा शबूद कोर्टात चालनार नाय?” तो तावातावाने म्हणाला.

मला एवढं कळलं होतं की हा माणूस खोटं बोलतोय. ज्याने नेम धरला त्याला गाडीचं तोंड कुठे होतं हे ठाऊक असणारच. पण खोटं बोलून स्वतःला अडकवणारा माणूस एक तर कोणाला तरी वाचवत असतो किंवा त्याच्याकडे गुन्ह्याहून मोठं काहीतरी झाकायला असतं. इतक्या वर्षांत शिकलेला हा ठोकताळा. इथे वाचवायला कोणीच दिसत नव्हतं.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. लहानखुरी बाई, नऊवारीचा काष्टा, नजर खाली. मी तिला विचारलं, “बाय, हे असं का करतात?” ती म्हणाली, “त्यांचं त्यांना ठावं, सायेब.” एवढंच. पण मी बघत होतो. तिने भाकरी ताटलीत ठेवली, आणि पाण्याचा पेला त्याच्यासमोर न ठेवता सरळ त्याच्या हातात दिला. बोटं पेल्याभोवती नीट बसली की नाही ते पाहिलं, मगच हात सोडला. जेवण झाल्यावर चपला उचलून अगदी त्याच्या पावलांपुढे सरळ लावल्या. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं कौतुक टिकलं असेल तर चांगलंच आहे, पण मी पोलीस आहे. मला कपाटाला केलेला तो नमस्कार आठवला.

मी ठरवलं, घटनास्थळी प्रात्यक्षिक घ्यायचं. “एवढा नेम आहे ना, बाबा? मग सगळ्यांसमोर दाखवा.” म्हातारा म्हणाला, “कवा पन.”

दुसऱ्या दिवशी गल्लीत जत्रा लोटली. सेफ्टीसाहेबांनी कारखान्यातून लाल-पांढरी पट्टी आणून लोकांना लांब रोखून धरलं होतं आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं होतं. इथवर ठीक. पण म्हातारा माडाकडे निघाला तसे हे आडवे आले.

“पट्टा बांधल्याशिवाय मी यांना चढू देणार नाही.”

“अहो, ते तुमचे आरोपी आहेत,” मी म्हणालो.

“म्हणूनच. खटला चालेपर्यंत त्यांना काही होता कामा नये.”

“पट्टा बांदायला मी काय बैल हाय?” म्हातारा गुरगुरला.

हा तिढा माझ्या पथ्यावरच पडला. मलाही त्याला वर पाठवायचं नव्हतं. माडाला लागूनच एका घराची दुमजली गच्ची होती, कठडा चांगला छातीएवढा. मी म्हणालो, उंची साधारण तेवढीच आहे, बाबा गच्चीवरून नारळ टाकतील. दोघांनीही कुरकुर करत मान्य केलं. वर जाण्याआधी म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी हवालदारांना हुकूम दिला, “ठाण्यातली ती मोडकी खुर्ची आणलीय ना, ती माडाच्या बुंध्याशी ठेवा.” आणि त्यांच्या कानात सांगितलं की काहीही ठेवू नका, तोंडही उघडू नका. दुसरी अट त्यांना जड गेली.

गच्चीवर आम्ही दोघंच. म्हाताऱ्याने कठड्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातात नारळ तोलला. खाली मोकळी जमीन होती, बाजूला हवालदार ओठ घट्ट मिटून उभे होते.

“बाबा, खुर्ची दिसते का?”

“न दिसायला काय झालं? ती काय, पिवळी.”

मी खाली वाकून बघितलं. सेफ्टीसाहेब पट्टीच्या आत येऊन, बुंध्याशी उभे राहून, जमीन मोजमापासाठी सपाट आहे का ते बघत होते. पिवळं हेल्मेट बरोबर आमच्या खाली होतं.

“टाकू?” म्हाताऱ्याने विचारलं आणि हात मागे नेला.

आयुष्यात मी सशस्त्र गुन्हेगारांच्या हातून शस्त्र काढून घेतलं आहे. पण त्या दिवशी तो नारळ ज्या चपळाईने हिसकावला, तशी चपळाई मला पुन्हा जमली नाही. खालून सेफ्टीसाहेबांचा आवाज आला, “खुर्ची कुठाय? इथे तर खुर्चीच नाही!” हवालदारांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला ओढलं.

म्हाताऱ्याने ते ऐकलं. कठड्याचा हात सोडला आणि तो जागच्या जागी खाली बसला. मीही त्याच्याशेजारी बसलो.

“कधीपासून?”

“गेल्या शिमग्यापासनं,” तो हळू म्हणाला. “आदी धुकं वाटलं. मग खालचं समदं पांढरं. चढतो मी बरोबर, सायेब. हातापायांना माड पाठ हाय. घड हाताला लागतो. खालचं तेवडं दिसत नाय.”

“मग आजवर निभावलं कसं?”

“बायको खाली उबी ऱ्हाते. कुनी आलं का वरडते. त्या दिवशी मी ‘हाय का कोन?’ करून हाळी दिली. कुनी वरडलं नाय. मला वाटलं, रस्ता मोकळा हाय. मग तो आवाज आला.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “आत मानूस असता तर? झोप नाय लागली, सायेब.”

“अहो, मग ‘चुकून पडला’ हे सांगायचं ना! तुरुंगात जायला निघाला होतात.”

“तुरुंगात गेलो तर सुटून येईन आन परत चडेन. लोक बोलतील, डोक्याचा गरम हाय, पन हात सरळ हाय. पन ह्याच्या हातनं नारळ चुकून पडतो असं एकदा लिवलं, तर उद्यापासनं वाडीत कोन घेईल मला? दुसरं काय येतं मला? मुद्दाम लिवा, सायेब. पाया पडतो.”

खोटं बोलणारे खूप पाहिले, पण शिक्षा कमी व्हावी म्हणून. हा माणूस पोट आणि नाव वाचवायला शिक्षा मागत होता. मी चिडलोही. त्याला चांगलं झापलं, की पुढच्या वेळी काच नाही, कोणाचं तरी डोकं फुटेल. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

एवढ्यात सेफ्टीसाहेब धापा टाकत गच्चीवर आले. हेल्मेट हातात होतं, चेहरा पांढराफटक. “ती पिवळी खुर्ची मी होतो?” त्यांनी विचारलं. त्यांच्यापासून लपवण्यात आता अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे आणखी दोन कलमं वाढवून मागणार. पण झालं भलतंच. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला आणि त्यांनी पँट सावरून चक्क म्हाताऱ्यासमोर बैठक मारली. त्यांच्या धंद्याची एक रीत आहे. काहीही घडलं की ‘का?’ विचारायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारायचं, आणि मुळाशी जाईपर्यंत थांबायचं नाही.

“नारळ गाडीवर का पडला?”

“मी टाकला म्हनून.”

“गाडी असताना का टाकला?”

“दिसली नाय. मोतीबिंदू हाय बहुतेक.”

“मग बायकोने ओरडून सांगितलं का नाही?”

“ती खाली नव्हती.”

“का नव्हती?”

म्हातारा अडखळला. “तुमच्या मंडळींनी हाक मारली तिला. गाडीच्या पूजेचा परसाद घ्यायला. शिरा. ती नगं नगं बोलत होती, तर तुमीच बोल्लात, आत या, बसून खा.”

सेफ्टीसाहेबांनी हेल्मेट मांडीवर ठेवलं.

“आणि गाडी माडाखाली का होती?” हे मात्र मी विचारलं. मला राहवलं नाही.

“पूजेला सावली हवी होती,” सेफ्टीसाहेब खालच्या आवाजात म्हणाले.

त्या माणसाच्या मोठेपणाबद्दल मला इथे लिहिलंच पाहिजे. दुसरा कोणी असता तर गडबडला असता, नाहीतर भांडला असता. हे थोडा वेळ स्वतःच्याच हेल्मेटकडे बघत बसले आणि मग मनापासून समाधानाने म्हणाले, “म्हणजे मूळ कारण सापडलं.” त्यांना खरोखर आरोपी नको होता, कारण हवं होतं. ते स्वतःच्या घरात निघालं तरी त्यांची हरकत नव्हती. त्यांनी तिथेच सांगितलं, तक्रार चालवायची नाही, पण अट एक. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत बाबा माडावर चढणार नाहीत, आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं काम सेफ्टीसाहेब स्वतः करणार.

“आनी गावाला काय सांगायचं?” म्हाताऱ्याने विचारलं. त्याचा जीव तिथेच अडकला होता.

सेफ्टीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. खाली लोक माना उंचावून वाट बघत होते.

“चौकशीचा तपशील गोपनीय असतो,” मी म्हणालो. ही पोलिसांची फार जुनी सोय आहे आणि ती इतक्या चांगल्या कामाला क्वचितच आली असेल.

ठाण्यात येऊन मी नोंद केली, की चौकशीअंती कोणताही गुन्हेगारी हेतू आढळून आला नाही व तक्रारदारास तक्रार पुढे चालवावयाची नाही. हे शब्दशः खरं होतं. डोळ्यांचा उल्लेख केला नाही. मुद्देमाल नारळ मूळ मालकाला, म्हणजे वाडीवाल्याला, रीतसर पोच घेऊन परत केला. त्याने तो आमच्याच हवालदारांना दिला आणि त्यांच्या घरी वड्या झाल्या.

गावाने मात्र आपला निकाल आधीच लावला होता. म्हाताऱ्याने नेम धरून सेफ्टीसाहेबांची काच फोडली आणि पोलीसही त्याच्यापुढे नमले, असं नाक्यावर पक्कं झालं. चहावाला तर साक्षीदार म्हणून रंगवून सांगू लागला. परिणाम असा, की चिंचणीत माडाखाली गाडी लावायची कोणाची छाती होईना. गल्ल्या मोकळ्या झाल्या. आम्ही सूचनाफलक लावून थकलो होतो, ते काम एका नारळाने केलं. म्हातारा चढायला का येत नाही, असं कोणी विचारलं तर त्याची बायको सांगे, “पोलिसांनी मनाई केलीय.” हेही खरंच होतं.

ऑपरेशन पालघरच्या पुढे एका धर्मादाय दवाखान्यात झालं. दोन्ही डोळे, एकामागून एक. सेफ्टीसाहेबांनी रजा टाकली, नव्या काचेच्या त्याच गाडीतून त्याला नेलं आणि आणलं. वाटेत सीटबेल्टवरून दोघांची जुंपली म्हणतात. शेवटी बेल्ट लागला.

काही आठवड्यांनी म्हातारा ठाण्यात आला. दाराशी थांबून त्याने कपाट बघितलं, भिंतीवरचा नकाशा बघितला, मग मला नीट निरखलं.

“तुमी सायेब?” तो म्हणाला. “आवाजावरनं तरने वाटला होतात.”

हवालदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचाराल तर सांगतो. माणसाच्या मनात काय होतं ते शोधताना आम्ही नेहमी असं धरून चालतो की प्रत्येकजण स्वतःला जेवढा आहे त्याहून चांगला दाखवणार. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण काही माणसं वाईट ठरायला तयार असतात, निकामी ठरायला नसतात. लोकांनी दुष्ट म्हटलेलं त्यांना सोसतं, कीव केलेली सोसत नाही. अशा माणसाची कबुली घाईने लिहून घेतली तर कागद बरोबर आणि न्याय चूक होतो. ती कबुली दोन्ही पक्षांना मान्य असली तरी.

म्हातारा त्या दिवशी निघता निघता घुटमळला. त्याच्या मनात काहीतरी होतं. शेवटी टेबलाजवळ येऊन, कोणी ऐकत नाही असं बघून त्याने विचारलं, “सायेब, त्या कागदात तुमी डोळ्याचं काय लिवलं नाय म्हने. हवालदार बोल्ले. मुद्दाम नाय लिवलं ना? माज्यासाटी?”

त्याचे नवे डोळे माझ्यावर रोखलेले होते. हो म्हटलं असतं तर हा मानी माणूस माझ्या उपकाराचं ओझं जन्मभर वाहत बसला असता.

“छे हो, बाबा,” मी म्हणालो. “लिहायचं होतं. गडबडीत चुकून राहून गेलं.”

त्याचा चेहरा खुलला. तो कितीतरी वेळ हसत राहिला. मग चपला घालून बाहेर पडला आणि दारात उभ्या असलेल्या हवालदारांच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाला, “तुमच्या सायबांच्या हातनं चुका व्हतात. आमचं तसं नाय.”